छेद लहान, जबाबदारी मोठी

(डोंबिवली येथे झालेल्या एका कुटुंब मेळाव्यात 'शस्त्रक्रियेनंतरचे घर' या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नाही आणि शल्यविशारद तर नाहीच नाही. मराठी वाङ्मय घेऊन कला शाखेची पदवी घेतलेला आणि तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत लेखणी झिजवलेला मी एक सामान्य पत्रकार आहे. तरीही खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्यासमोर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याला कारण माझी थोरली बहीण. तिच्या आजारपणात मी जी एक चूक केली, ती आपल्यापैकी कुणाच्या हातून घडू नये, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईचे वय तेव्हा सदुसष्ट. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलेला. देवळाच्या चार पायऱ्या चढताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. मधुमेह दहा वर्षांचा. अखेर सांधा बदलण्याचे ठरले. डॉक्टरांनी नव्या पद्धतीची, लहान छेदाची शस्त्रक्रिया सुचवली. पूर्वीसारखी वीतभर चीर नाही, स्नायू फारसे कापायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी चालायचे आणि तिसऱ्या दिवशी घरी. सारे तसेच घडले. तिसऱ्या दिवशी ताई वॉकर धरून घराचा उंबरठा ओलांडून आत आली, तेव्हा दाजींनी पेढे वाटले. मीही चार मित्रांना अभिमानाने दूरध्वनी केले.

अकराव्या दिवशी ताई म्हणाली, "अरे, पट्टी ओली लागतेय." मी पाहिले. चार बोटांची जखम, तिच्या एका टोकाला पाण्यासारखा स्राव. मी म्हणालो, "जखम आहे, थोडे पाणी यायचेच. एवढीशी तर चीर आहे." दाजींना राहवले नाही, त्यांनी रुग्णालयात फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "सोमवारी ओपीडीला आणा." तो दिवस गुरुवार होता. आम्ही सोमवारची वाट पाहिली. रविवारी रात्री ताईला हुडहुडी भरून ताप आला. सोमवारी पहाटे तिला पुन्हा दाखल करावे लागले. जिवाणूंचा संसर्ग खोल सांध्यापर्यंत पोहोचला होता. दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया. सांधा उघडून धुतला, आतील बदलता येणारे भाग बदलले आणि पुढे कित्येक आठवडे प्रतिजैविके चालू राहिली. ईश्वरकृपेने सांधा वाचला आणि ताईही वाचली. पण "एवढीशी तर चीर आहे" हे माझे वाक्य आजही मला झोपू देत नाही.

शतकातील शस्त्रक्रिया

कुणी असे समजू नये की मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात बोलतो आहे. खुब्याचे सांधेरोपण ही मानवजातीला मिळालेली मोठी देणगी आहे. 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये तिला 'शतकातील शस्त्रक्रिया' म्हणून गौरवले. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयातील सर जॉन चार्नली हे तिचे आधुनिक शिल्पकार. सांध्याच्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरले. ते काही वर्षांतच झिजले आणि सुमारे तीनशे रुग्णांच्या बाबतीत हा प्रयोग फसला. चार्नली खचले नाहीत. नवे द्रव्य शरीराला मानवते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास सुरुवात केली. आजच्या सांध्यांचा पाया तोच आहे. असे बसवलेले सांधे निम्म्याहून अधिक रुग्णांत पंचवीस वर्षे टिकतात, हे आज मोठ्या नोंदींवरून सिद्ध झाले आहे.

चार्नली यांच्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक, जंतुसंसर्गाला त्यांनी मुख्य शत्रू मानले. शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून घेण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि संसर्गाचे प्रमाण कितीतरी पटींनी खाली आणले. दुसरी, जो शल्यविशारद आपल्याकडे येऊन तंत्र शिकला नाही, त्याच्या हाती आपला सांधा जाऊ नये, असा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला. साधन चांगले असून भागत नाही, ते वापरणारा हातही तयार असावा लागतो, ही त्यामागची दृष्टी होती.

'लहान छेद' म्हणजे नेमके काय?

परंपरागत शस्त्रक्रियेत पंधरा ते तीस सेंटीमीटरचा छेद घेत. २००० च्या सुमारास अमेरिकेत दहा सेंटीमीटरहून लहान छेदाची, काही ठिकाणी दोन छोट्या छेदांची पद्धत पुढे आली. सांधा बनवणाऱ्या कंपन्यांनी तिचा मोठा गाजावाजा केला. रुग्णाला छेद दिसतो, आतील काम दिसत नाही. त्यामुळे लहान छेद म्हणजे लहान शस्त्रक्रिया, असे समीकरण आपल्या मनात सहज रुजले.

वास्तविक पाहता आत जे घडते ते तेच असते. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा कापून काढायचा, वाटी खरवडायची, तिथे नवी वाटी बसवायची आणि हाडाच्या पोकळीत धातूचा खुंट ठोकून त्यावर नवा गोळा चढवायचा. खिडकी लहान केली म्हणून घरातील काम कमी होत नाही. उलट आतले दिसणे अवघड होते. दिसणे कमी झाले की वाटी तिरकी बसण्याचा, मांडीच्या हाडाला तडा जाण्याचा, एखादी नस दुखावण्याचा आणि ओढाताणीने जखमेच्या कडा चेंगरण्याचा धोका वाढू शकतो. निष्णात हातांत हे धोके आटोक्यात राहतात. शिकाऊ हातांत ते वाढतात.

पत्रकाराच्या सवयीनुसार मी पुरावे तपासले. २००५ मध्ये बेलफास्ट येथे २१९ रुग्णांची चाचणी झाली. काहींना दहा सेंटीमीटरच्या आत, तर काहींना सोळा सेंटीमीटरचा छेद. दोन्ही गटांत शल्यविशारद एकच आणि अनुभवी. वेदना, रक्तस्राव, चालणे, रुग्णालयातील मुक्काम, कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००८ मधील चाचणीत तर दोन छेदांच्या पद्धतीतील रुग्ण हे लहान मागील छेदाच्या रुग्णांपेक्षा सावकाश बरे झाल्याचे दिसले. दोन छेदांच्या पद्धतीचा बोलबाला त्यानंतर ओसरला.

आज आपल्याकडेही ज्या पद्धतीची चर्चा आहे, ती समोरून सांध्याकडे जाण्याची. तिच्यात स्नायू कापण्याऐवजी दोन स्नायूंमधील वाटेने सांध्यापर्यंत पोहोचतात आणि सुरुवातीचे काही आठवडे रुग्ण थोडा लवकर हिंडू-फिरू लागतो, हे अनेकांनी नोंदवले आहे. मात्र कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरातील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण समोरून झालेल्या शस्त्रक्रियेत शेकडा दोन, तर बाजूने वा मागून झालेल्या शस्त्रक्रियेत शेकडा एक आढळले. गंभीर म्हणजे काय, तर शस्त्रक्रिया करावी लागेल असा खोल संसर्ग, सांधा निखळणे किंवा बसवलेला सांधा बदलावा लागणे.

हे आकडे ऐकून घाबरू नका. दोन्हीकडे शंभरांतील अठ्ठ्याण्णवांहून कमी कुणी सुखरूप नाही. परंतु यातून बोध स्पष्ट होतो. छेद केवढा, हा आपला पहिला प्रश्न नसावा. "डॉक्टर, या विशिष्ट पद्धतीने आपण आजवर किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?" हा असावा. नवी पद्धत हाती बसायला पन्नास ते शंभर शस्त्रक्रिया लागतात, असे या क्षेत्रातील जाणकारच सांगतात. हा प्रश्न नम्रपणे विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

परत जावे लागते ते का?

अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत रुग्ण परत दाखल होण्याची नोंद काटेकोरपणे ठेवतात. तेथील २०१० च्या कायद्यानुसार आखलेल्या योजनेत अशा पुनर्दाखल्यांचे प्रमाण प्रमाणाबाहेर असलेल्या रुग्णालयांचे सरकारी पैसे कापले जातात. २०१४ च्या ऑक्टोबरपासून खुबा व गुडघा सांधेरोपणही त्यात आले. तेथील वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण शेकडा तीन ते सहाच्या दरम्यान दिसते. कारणे कोणती? तीही समजून घेऊ.

पहिले, जखमेचा त्रास आणि संसर्ग. मधुमेह, स्थूलपणा, धूम्रपान, रक्तक्षय ही याची निमंत्रणे. जखम पाझरणे ही पहिली हाक असते. वेळेत, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच सांधा धुतला तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला की जिवाणू धातूवर बुळबुळीत थर धरून बसतात आणि मग सारा सांधाच काढावा लागतो.

दुसरे, सांधा निखळणे. सर्वाधिक धोका पहिल्या तीन महिन्यांत. येथे आपल्या राहणीचा संबंध येतो. पाटावर बसून जेवणे, मांडी घालणे, देवापुढे खाली बसणे, उकिडवे बसून शौच, हे आपले नित्याचे व्यवहार. मागून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. पण कुणी वडीलधारे घरी आले की आमच्या माउल्या सवयीने वाकून नमस्कार करतात! समोरून शस्त्रक्रिया झालेल्यांना पथ्ये वेगळी असू शकतात. म्हणून शेजारणीला काय सांगितले होते ते न विचारता आपल्या डॉक्टरांनी काय सांगितले ते लिहून घ्यावे.

तिसरे, रक्ताची गुठळी. पोटरीत वा मांडीत गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा धोका घरी आल्यावरही आठवडेच्या आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे कित्येकदा पस्तीस दिवसांपर्यंत देतात. "बरे वाटतेय, आता कशाला गोळ्या?" म्हणून ती बंद करणारे आजोबा प्रत्येक वाड्यात सापडतात. पोटरी सुजली, दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर क्षणाचाही विलंब नको.

चौथे, घरात पडणे आणि हाड मोडणे. ओली मोरी, सरकणारे पायपुसणे, रात्रीचा अंधार आणि पायात घुटमळणारे नातवंड, हे चार शत्रू.

पाचवे कारण सांध्याबाहेरचे असते. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, हृदयाचा त्रास, वेदनाशामकांमुळे पोटातून रक्तस्राव, सोडियम कमी होऊन येणारी भ्रमिष्टता, इतकेच काय तीव्र बद्धकोष्ठ. लवकर घरी येणे चांगलेच. रुग्णालयातील मुक्काम लांबवण्याने ही संकटे टळत नाहीत. पण पूर्वी दहा दिवस जे परिचारिकेचे डोळे पाहत होते, ते आता घरच्यांना पाहायचे आहे. रुग्णालयाने आपले काम घरावर सोपवले आहे, हे लक्षात घ्या. आमच्या घरी तेच कुणी घेतले नव्हते.

सुश्रुतांचे पश्चात्कर्म

सुश्रुतसंहितेत शल्यकर्माचे तीन भाग सांगितले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. शस्त्र चालवणे हे त्यातील केवळ मधले. त्यापूर्वीची सिद्धता आणि नंतरची शुश्रूषा यांनाही त्यांनी 'कर्म' हाच दर्जा दिला. सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय नावाच्या अध्यायात तर जखमी रुग्णाची खोली, शय्या, आहार, वागणूक आणि त्याच्याभोवतीच्या सुहृदांनी काय करावे, याचा विचार आहे. आपण या नावाचा अभिमान बाळगतो, तर त्यातील विचार घरात का आणू नये? त्याच तीन भागांनी मी माझे सांगणे आवरते घेतो.

पूर्वकर्म. शस्त्रक्रियेची तारीख मुहूर्त पाहून नव्हे, साखर पाहून ठरवा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातील हिमोग्लोबिन, दात, लघवी, त्वचेवरील पुळ्या, हे सारे आधी नीट करून घ्या. तंबाखू, सिगारेट काही आठवडे आधीच सोडा. घरात कमोड, भिंतीला धरायची कडी, उंच खुर्ची आणि रात्रीचा दिवा यांची सोय रुग्ण आत गेल्यावर नव्हे, जाण्यापूर्वी करा. विम्याची पॉलिसीही वाचा. नंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो, सांधेरोपणाला उपमर्यादा आहे का, हे पाहा. तोच आजार शेवटच्या सल्ल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत उलटला तर सामान्यतः तो एकच आजार धरतात. तेव्हा उपमर्यादा असेल तर दोन्ही मुक्काम तिच्यातच बसवावे लागतात. आम्हाला हे दुसऱ्या बिलाच्या वेळी कळले. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळू लागले आहे, त्याचे कार्ड आधीच काढून ठेवा.

प्रधानकर्म. ते डॉक्टरांचे. आपण एवढेच करायचे की बसवलेल्या सांध्याच्या वेष्टनावरील चिकटपट्टी, ज्यावर कंपनी आणि क्रमांक असतो, ती मागून घेऊन जपून ठेवायची. २०१० मध्ये डीप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून मागे घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० रुग्णांना बसवला होता, आणि त्यांतील बहुसंख्यांचा पुढे पत्ताच लागला नाही. आपल्या शरीरात काय आहे याचा कागद आपल्या कपाटात हवा.

पश्चात्कर्म. हे संपूर्णपणे घराचे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असेल तर निघण्यापूर्वी परिचारिकेकडून मराठीत समजून घ्या. ताईच्या फाइलमध्ये तसा कागद होता. "जखमेतून पाणी आल्यास त्वरित संपर्क साधावा" असे त्यावर छापलेले होते. तो आम्ही वाचला तो दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीचा नव्हे, तर रात्री-बेरात्री उचलला जाईल असा क्रमांक मागून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. एक वही करा. रोज ताप, साखर, जखमेची स्थिती, पोटरीची सूज, गोळ्या आणि चाललेली पावले तिच्यात लिहा. हे काम एकाच व्यक्तीकडे द्या, कारण जे सर्वांचे असते ते कुणाचेच नसते. आणि पट्टी ओली दिसली, तर सोमवारची वाट पाहू नका. फोनवर कुणी "थांबा" म्हणाले तरी रुग्णाला घेऊन दारात उभे राहा.

बंधू-भगिनींनो, आता वसाहतीतल्या कित्येक घरांत मुले पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशी आहेत. घरी दोघेच, तेही सत्तरीचे. पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांनी आजींच्या जखमेवर लक्ष ठेवायचे, ही अपेक्षा किती वाजवी? तेव्हा माझी आपल्याला एक विनंती आहे. आपण नित्य भेटणारी माणसे आहोत. कुणाच्या घरी सांध्याची शस्त्रक्रिया झाली की पहिल्या दिवशी फळे घेऊन गर्दी करण्यापेक्षा पुढील पस्तीस दिवसांची वाटणी करू या. रोज एकाने संध्याकाळी दहा मिनिटे जायचे, वही पाहायची, गोळ्या मोजायच्या, काही शंका वाटली तर गाडी काढायची. यासाठी निधी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही.

ताई आता चालते. काठीही सुटली आहे. गेल्या महिन्यात तिने त्याच देवळाच्या पायऱ्या चढून दर्शन घेतले. उतरताना मी हात पुढे केला, तेव्हा ती हसून म्हणाली, "हात नको देऊस. पट्टी ओली झाली म्हटलं की ऐकत जा फक्त."

माझ्या भाषणाचे सार तिच्या या वाक्यात आले आहे.